कुणालाच सांगितलं नाही

फोन आला तेव्हा धम्मशीला न्यासाच्या कार्यालयात एकटीच होती. नंबर अनोळखी होता. पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"ताई, मी पुष्पांजली."

"बोला. कुठून बोलता आहात?"

"ते नका इचारू." आवाज खाली गेला. "तो आलता. जानेफळले. पौर्णिमेच्या दिवशी."

तो म्हणजे कोण, हे धम्मशीलाला विचारावे लागले नाही. संघपाल. पुष्पांजलीचा नवरा. ज्याने तिचा डावा हात दोनदा मोडला होता आणि ज्याच्यापासून लपण्यासाठी ती देऊळघाट सोडून, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जानेफळच्या एका भाड्याच्या खोलीत लेकीसह राहत होती.

"तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?"

"हाओ. पोरगी संग हाय. पण ताई, माह्या मायले माईत नव्हतं मी कुठं राह्यते ते. भावाले माईत नव्हतं. मी फक्त तुमच्या हापिसात सांगलं होतं." ती थांबली. "तुमच्यातल्याच कोनीतरी सांगलं. आता दुसरीकडं राहाले गेली तरी कोन्या भरवशावर सांगू तुमाले?"

तिच्या मागे ध्वनिक्षेपक खरखरला. लोणारची गाडी फलाटावर लागली आहे, असे कुणीतरी जाहीर करत होते. मग फोन बंद झाला.

समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांतली पाटी होती: 'आपण सांगितलेली गोष्ट ही आमच्याकडची ठेव आहे.' वाक्य तिचे होते. वळणदार अक्षर न्यासाचे अध्यक्ष किसनराव गुरुजींचे.

करुणा धम्म न्यास मेहकरात सुरू होऊन काही वर्षे झाली होती. ज्यांना सरकारी घरकुल मिळत नाही, कागद अपुरे पडतात, अशांना घर उभारायला तो मदत करी. धम्मशीला समाजकार्य शिकून नागपूरहून परतली आणि न्यासाची कार्यवाह झाली. माणसे घर मागायला येत, पण येताना सगळे आयुष्य घेऊन येत. आजार, कज्जे, टाकलेपण, लपलेपण. म्हणून तिने नियम केला. अर्जदाराशी फक्त तिने बोलायचे. पत्ता फक्त अश्वजितने संगणकात नोंदवायचा, कारण कार्यालयाचे काम तो पाहतो. अध्यक्षांसमोर अर्ज जाईल तो नावगाव वगळून.

हा शेवटचा नियम खुद्द अध्यक्षांनी सुचवला होता. "मी सगळ्यांना ओळखतो, शीला," किसनराव गुरुजी म्हणाले होते. "ओळखीचा माणूस न्याय करू शकत नाही. मला नावं सांगूच नको."

त्या वेळी तिला त्यांचा अभिमान वाटला होता.

पुष्पांजलीची मुलाखत तिला आठवली. दारातच उभी राहून तिने विचारले होते, "गुरुजी बसनार हायेत का?" नाही म्हटल्यावर तिने खांद्यावरचा पदर सोडला आणि खुर्चीवर टेकली. मोठ्या माणसासमोर बाया बुजतात, असे धम्मशीलाने त्या वेळी मनाशी म्हटले होते. मग पुष्पांजलीने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "ताई, हे बाहेर जाईन का?" धम्मशीलाने पाटीकडे बोट दाखवले होते. पुष्पांजलीने ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचली होती.

संध्याकाळी ती गुरुजींकडे गेली.

दुसरीकडे कुठे जाणार? वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. त्यानंतर शाळेच्या दाखल्यापासून नागपूरच्या वसतिगृहापर्यंत प्रत्येक दारात तिच्या शेजारी गुरुजी उभे राहिले होते. शिक्षकी संपल्यावर ते बौद्धाचार्य झाले. पंचक्रोशीतली नामकरणे, लग्ने, गेलेल्यांचे पुण्यानुमोदन, सगळे त्यांच्या हातून होई. भांडणेही त्यांच्या ओसरीवर मिटत. लोक कोर्टाच्या तारखेपेक्षा गुरुजींच्या शब्दाला घाबरतात, असे गावात म्हणत.

तिने सगळे सांगितले. फोन, संघपालचे येणे, आरोप. मागे लोणारच्या गाडीचा पुकारा ऐकू आला, तेव्हा बाई मेहकरच्याच स्थानकाजवळ कुठेतरी असावी, हेही सांगितले. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"त्यानं तिला हात लावला का?"

"नाही. ती पळाली."

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे, हात लावला नाही ते बरं झालं. शोध घे, शीला. पण सबुरीनं. कुणाचं नाव घेण्याआधी मला सांग. आणि पौर्णिमेला मी इथं नव्हतो याचंच वाईट वाटतं. एका गावी सोहळा होता. गाडी वाटेत बंद पडली आणि तोही हुकला."

तिला हलके वाटले. त्यांच्या ओसरीवरून उठताना तिला नेहमीच हलके वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोलीस ठाण्यात तक्रार दिली. हवालदाराने देऊळघाटला फोन लावून संघपालला बोलावून घेण्याची व्यवस्था केली. मग ती जानेफळच्या गाडीत बसली.

शालूबाईचे घर गावाच्या कडेला होते. पुढे ती स्वतः राही, मागची खोली पुष्पांजलीला दिली होती. खोलीच्या दाराची एक फळी आत दबली होती. शिलाई मशीन आडवे पडले होते, त्याचे चाक निखळले होते. शालूबाईने काही उचलले नव्हते. पोलिसांना दाखवायचे म्हणून नव्हे; हात लावायला जीव होत नव्हता म्हणून.

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"पाह्यलं म्हंजे? माह्यासमोरच त बसला होता. त्या लिंबाखाली."

"बसला होता? किती वेळ?"

"मी तूर पाखडाले बसली तवा आला. अर्धी झाली तरी बसलेलाच. मले काई वाटलं नाही वो बाई. पांढराशुभ्र शर्ट, पांढरा पायजमा, दाढी घोटून गुळगुळीत. मले वाटलं कोनाच्या तरी घरी कार्यक्रम असन, त्याले आला. पानी पाह्यजे का म्हनून इचारलं त 'नाही माय' म्हने. चांगलं बोलला."

धम्मशीलाने लिंबाखाली जाऊन पाहिले. तिथून मागच्या खोलीचे दार समोर दिसत होते. दुसऱ्या बाजूला थांब्याकडून येणारा रस्ता.

"तो दाराकडे पाहत होता का?"

शालूबाईने विचार केला. "नाही. सडकेकडंच पाहे. मंधात मंधात मोबाईल काढे. त्या दिवशी दुपारची गाडी आलीच नाही, वाटतच बंद पडली म्हने. मंग हे पोरगी नळावरून आली, तिनं त्याले पाह्यलं, आन हंडा तिथच टाकून लेकरू उचलून जे पळाली! तवा उठला तो. आन मंग पांढऱ्या कपड्यावाला तो माणूस राह्यलाच नाही. लाथा घातल्या दाराले. काय काय शिव्या देल्या, त्या मी नाही सांगत."

परतीच्या गाडीत धम्मशीलाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मारायला आलेला माणूस आधी दार गाठतो. हा दाराकडे पाठ करून रस्त्याकडे का पाहत बसला? आणि अंगावर पांढरे कपडे का? संघपालने उभ्या जन्मात विहाराची पायरी चढली नाही, असे पुष्पांजलीनेच सांगितले होते.

मेहकरात उतरताच हवालदाराचा फोन आला. संघपाल येऊन जबाब देऊन गेला होता. बायकोला घरी न्यायला गेलो, दार रागात मोडले, भरून देतो, एवढेच त्याचे म्हणणे. पत्ता कुणी दिला, यावर मात्र तोंड उघडेना. "म्या शब्द देला हाय," असे म्हणाला आणि गप्प बसला. तूर्तास समज देऊन सोडला होता.

हवालदार हसला होता. धम्मशीलाला हसू आले नाही. लेकीच्या शपथा घेऊन मोडणारा माणूस. असा माणूस कुणाला दिलेला शब्द पाळतो?

अश्वजितशी बोलणे तिने बुधवारच्या सकाळवर ठेवले होते, कारण त्याचीच तिला भीती वाटत होती. तो तिच्या हाताखाली तयार झालेला. नुकतेच लग्न झालेला, प्रामाणिक, थोडा वेंधळा. मध्यंतरी त्याने कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एका नव्या घराचे फोटो टाकले होते आणि तिने त्याला खडसावले होते.

तो टेबलावर बुद्धमूर्ती कागदात गुंडाळत बसला होता. लहान, पांढऱ्या, तळहातावर मावतील अशा. मंजूर झालेल्या प्रत्येक घराला गुरुजींकडून एक मूर्ती जाई.

"अश्वजित, पुष्पांजलीचा पत्ता तू कुणाला सांगितलास?"

त्याचा हात थांबला. "कोनालेच नाही, ताई."

"संगणक कुणी उघडला असेल?"

"पासवर्ड फक्त मले माईत हाय. बायकोलेबी नाही."

"गटावर काही टाकलंस?"

"तुम्ही बोलल्यापासून एक फोटो नाही टाकला. पाहा पाह्यजे त." त्याने मोबाईल पुढे सरकवला. डोळ्यांत पाणी आले होते. "ताई, तुमाले माह्यावर शक हाय का?"

तिने मोबाईल तपासला. त्यात काहीच नव्हते. विषय बदलायचा म्हणून तिने मूर्तींकडे पाहिले. "एवढ्याच? एक कमी दिसते."

"एक गुरुजी सोताच घेऊन गेले. पौर्णिमेच्या आधी."

राहता राहिला रामराव. न्यासाला विटा आणि रेती पुरवणारा. वीटभट्टी देऊळघाटच्या रस्त्यावर, आणि संघपाल तिथेच ट्रॅक्टरवर कामाला. शहाण्या माणसाने आधी इथेच यावे, असे तिला वाटेतच उमगले. रामरावने तिला पाहताच हात जोडले.

"या ताई. ट्रस्टच्या पेटीतला उंदीर मेला की वास माह्याच भट्टीवर येते तुमाले."

"पुष्पांजली नावाच्या बाईंचा पत्ता तुम्हाला माहीत होता?"

"माल टाकाच्या दिवशी अश्वजित फोन करते, गाव सांगते, मी गाडी धाडतो. ज्या घरची अजून वीट निंगली नाही त्याचा पत्ता मले कोन देईन? संघपालची बायको तुमच्याकडं आली हे मी आत्ता तुमच्या तोंडून आयकून राह्यलो." मग तो म्हणाला, "माहीत असतं तरी सांगलं नसतं. मारते तो. भट्टीवरचे सारे जानतात."

"पौर्णिमेला तो कामावर आला होता?"

"सकाळी तोंड दाखवून गेला. दाढी केलेली, पांढरा डिरेस. पोट्ट्यायनं छेडलं, काय बे, पुन्हा नवरदेव होऊन राह्यला का? त म्हने, 'तसंच समज.' "

"तसंच समज?"

"हाओ. आन आजबी नाही आला कामाले. काल ठाण्यातून सुटला तो फिरकलाच नाही."

त्या संध्याकाळी ती पुन्हा गुरुजींच्या ओसरीवर होती. तिने क्रमाने सगळे मांडले. गुरुजी ऐकत राहिले. कपातला चहा तसाच निवला. अश्वजितचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, पोरगा निर्मळ आहे, त्याच्यावर आळ घेऊ नको. रामरावचे नाव घेतले तेव्हाही तेच म्हणाले. मग काहीसे स्वतःशीच बोलल्यासारखे, "पत्ता कुणी दिला यापेक्षा का दिला, हे महत्त्वाचं नाही का, शीला? एखाद्याचा हेतू चांगलाही असू शकतो."

त्यांच्या करुणेचे तिला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दुसराच नंबर, तोच आवाज. आता तो दबलेला नव्हता. कोरडा झाला होता.

"ताई, काल दिवसभर तो मेहकरच्या स्टँडवर होता. एकेक बाईचं तोंड पाहत फिरत होता. मी ज्या बाईच्या घरी होती तिनं पाह्यलं म्हनून वाचली. ते गावबी सोडलं आता." मग म्हणाली, "मी स्टँडजवळ हाओ हे कोनालेच माईत नव्हतं. तुमाले फोन केला, तेवढाच. तुम्ही कोनाले सांगलं?"

"कुणालाच नाही," धम्मशीला म्हणाली.

शब्द तोंडातून सहज निघाले. मनापासून निघाले. आणि निघाल्यावर तिच्या कानांवर परत आले, तेव्हा ते खरे नाही हे तिला कळले.



"पुष्पांजलीताई, एकच विचारते. तुमचं लग्न लागलं, तेव्हा समोर कोण उभं होतं?"

उत्तर एका शब्दाचे होते. धम्मशीलाने फोन खाली ठेवला. मग खूप वेळ ती पाटीवरच्या त्या निळ्या, वळणदार अक्षरांकडे पाहत राहिली.

शुक्रवारी सकाळी तिने तिघांना कार्यालयात बोलावले. अश्वजित दाराजवळ उभा राहिला. रामराव खुर्चीत बसून टोपीशी चाळा करत होता. गुरुजी नेहमीच्या जागी, पाटीखाली. स्वच्छ पांढरा सदरा.

"पत्ता कुणी दिला ते मला कळलं आहे," ती म्हणाली. "तो संगणकातून गेला नाही, गटावरून गेला नाही, भट्टीवरूनही गेला नाही. मी चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात केली होती. पत्ता कोणाला ठाऊक होता, हे शोधत बसले. विचारायला हवं होतं ते हे, की संघपाल तिथे कशासाठी गेला होता."

तिने टेबलावर हात टेकले.

"मारायला गेलेला माणूस दाढी करून, पांढरे कपडे घालून जात नाही. आपल्यात पांढरे कपडे कधी घालतात? वंदनेला आणि लग्नाला. 'पुन्हा नवरदेव का' असं विचारल्यावर तो 'तसंच समज' म्हणाला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, स्वच्छ होऊन ये, बुद्धमूर्तीपुढे दोघांना बसवू, त्रिशरण-पंचशील घेऊ, पुन्हा प्रतिज्ञा घेऊ. म्हणून तो दाराकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होता. तो बायकोची वाट पाहत नव्हता. सोहळा लावणाऱ्याची पाहत होता. आणि तो माणूस आला नाही, कारण दुपारची गाडी वाटेत बंद पडली."

रामरावचा टोपीवरचा हात थांबला.

"शब्द दिलाय, असं संघपाल पोलिसांना म्हणाला. तो कुणाचा शब्द पाळत नाही. या भागात एकच ओसरी आहे जिथे दिलेला शब्द अशी माणसंही पाळतात." ती अश्वजितकडे वळली. आवाज मऊ झाला. "अश्वजित, तू मला म्हणालास, कुणालाच सांगितलं नाही. आता मी वेगळं विचारते. गुरुजींनी विचारलं होतं का?"

अश्वजितने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा पाटीखाली.

"हात मोडलेल्या बाईची मूर्ती कुठं न्याची म्हनून इचारलं त्यायनं," तो हळू बोलला. "मी सांगलं. पन ताई... गुरुजीले सांगनं म्हंजे कोनाले सांगनं थोडंच झालं?"

"नाही झालं," धम्मशीला म्हणाली. "तू खोटं बोलला नाहीस. मीही बोलले नाही. स्टँडची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, आणि काल पुष्पांजलीला छातीठोक म्हणाले, कुणालाच नाही. आपल्याला गुरुजी 'कुणी' वाटतच नाहीत. आपलंच मन वाटतात. एवढा नियम केला, पासवर्ड केला, आणि गुरुजींच्या दाराला कडी लावायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुष्पांजलीच्या आलं होतं. ती पहिल्याच दिवशी विचारत होती, गुरुजी बसणार आहेत का? मी त्याला बुजणं समजले. तिचं लग्न त्यांनीच लावलं होतं."

आता गुरुजींनी मान वर केली. ते नाकारतील, असे तिला अजूनही कुठेतरी वाटत होते. त्यांनी नाकारावे, असे वाटत होते.

"नाव वगळलं तरी अर्जातली हकीकत राहते, शीला," ते म्हणाले. "ट्रॅक्टरवर कामाला असलेला नवरा, मोडलेला हात, एक मुलगी. मी ओळखली तिला. त्या दोघांच्या प्रतिज्ञा मी म्हणवून घेतल्या होत्या. मी लावलेलं एकही लग्न आजवर मोडलेलं नाही. आणि इथे माझाच न्यास एका बाईला नवऱ्यावेगळं घर बांधून देणार होता. मला वाटलं, घर द्यायचंच तर मोडलेलं सांधून द्यावं. तो माझ्यासमोर रडला. पायांवर डोकं ठेवून रडला."

"आणि दार मोडल्यानंतर?"

"तेव्हाही रडला. मी त्याला सांगितलं होतं, स्टँडवर लांबून बघ, ती दिसली की मला कळव, मी येतो. जवळ जाऊ नको म्हणून बजावलं होतं."

"तुम्ही त्याचं रडणं ऐकलंत," ती म्हणाली. "तिचं ऐकायला मी बसले होते. ते अर्जात लिहिलेलं होतं, गुरुजी. तुम्ही वाचलंत. हात दोनदा मोडला, हे तुम्ही वाचलंत."

गुरुजींनी चष्मा काढला.

"नावं वगळायचा नियम तुम्ही सुचवलात. ही पाटी तुम्ही रंगवलीत. मला तिच्याकडे बोट दाखवायला शिकवलंत. ती बाई अक्षर अक्षर लावून ती वाचत होती, आणि मी समोर बसून तिला धीर देत होते. तुमच्या अक्षरावर."

"मी ते लग्न वाचवत होतो."

"ते तुमचं लग्न नव्हतं. तिचं होतं."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग तिने सांगितले की, पोलिसांना पुरवणी जबाब सकाळीच दिला आहे. त्यात गुरुजींचे नाव आहे आणि तिचे स्वतःचेही, कारण दुसऱ्यांदा पत्ता तिच्या तोंडून गेला. स्टँडवरच्या प्रकाराची खबर तिने कालच दिली होती, त्यावरून संघपाल रात्रीच ताब्यात आला आहे. न्यासाची सभा रविवारी आहे.

गुरुजी उठले. दाराशी अश्वजित सवयीने पाया पडायला वाकला, आणि अर्ध्यावरच थांबला. वाकावे की सरळ व्हावे, त्याला कळेना. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ते तसेच बाहेर पडले. वडील गेले त्या दिवशीही धम्मशीलाला इतके पोरके वाटले नव्हते. त्या दिवशी शेजारी गुरुजी होते.

"पाटी काढू का, ताई?" बऱ्याच वेळाने अश्वजितने विचारले.

ती हो म्हणाली.

रविवारच्या सभेने गुरुजींचा राजीनामा स्वीकारला आणि धम्मशीलाने मांडलेला नवा नियमही. जिवाला धोका असलेल्या अर्जदाराने आपला पत्ता न्यासाला द्यायचाच नाही. घर खरेच उभे राहिले की नाही, हे अर्जदाराने स्वतः निवडलेल्या दोन माणसांनी सांगायचे. एका सदस्याने विचारले, अशाने फसवणूक झाली तर? धम्मशीला म्हणाली, झाली तर आपली होईल, त्यांची नाही.

पुष्पांजलीचा फोन त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. दुपारची वेळ होती. भिंतीवर पाटीच्या जागी एक फिकट चौकोन उरला होता.

धम्मशीलाने तिला सगळे सांगितले. काही लपवले नाही, स्वतःचा भागही नाही. पुष्पांजलीने मधे एकदाही तिला तोडले नाही. संघपाल कोठडीत आहे, पण उद्या सुटेलही, हे सांगितले तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली. नवा नियम दोनदा समजावून घेतला.

"म्हंजे घर भेटन, आन कुठं हाय ते तुमाले माईत नसन?"

"हो."

"मले सोताले वाटलं होतं गुरुजीवर," ती सावकाश म्हणाली. "पैल्याच दिवशी. पन म्हटलं, आपलं मनच पापी. त्यायच्यावर कसा शक घ्यावा?"

धम्मशीलाने भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे पाहिले.

"पोरगी शाळेत जाऊन राह्यली आता," पुष्पांजली म्हणाली. "चांगली हाय शाळा. समोर मोठं..." आणि ती थांबली. वाक्य अर्धेच राहिले. दोघींच्या मधे ते तसेच लोंबत राहिले. मग तिने विचारले, "तुमाले एकटीले सांगू का ताई, मी कुठं हाओ ते?"

तो विश्वास होता की परीक्षा, धम्मशीलाला कळले नाही. जे काही होते ते घ्यावेसे मात्र फार वाटले.

"नको माय," ती म्हणाली. कितीतरी वर्षांत या खुर्चीवर बसून ती घरच्या बोलीत बोलली नव्हती. "मलेबी नको सांगू."